पट्टीवरची रेघ म्हणजे अंतिम निकाल नव्हे



पावसाळा लागला की आमच्या टेबलावर रजेच्या अर्जांबरोबर रक्त-तपासणीचे रिपोर्ट जमू लागतात. नवागाम-डिंडोलीत पाणी साचते, डास वाढतात, वर्गातली बाके रिकामी होतात. लूम खात्यातली १२ तासांची पाळी सोडून नवी सिव्हिल किंवा स्मीमेर हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडतो. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात २० मिनिटांत होणारी कार्ड टेस्ट सोयीची वाटते. यात पालकांचा दोष आहे असे आम्ही मानत नाही.

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या एका विद्यार्थ्याची मलेरियाची कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली. रिपोर्ट कार्यालयात देऊन वडिलांनी त्याला वर्गात बसवले. तिसऱ्या दिवशी तो प्रार्थनेच्या वेळीच थंडीने कुडकुडू लागला. सरकारी हॉस्पिटलात रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मलेरिया निघाला. मुलगा बरा झाला, पण आमच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली.

कार्ड टेस्ट खोटी असते असे नाही. ती मलेरियाच्या जंतूचे प्रथिन शोधते. रक्तात जंतू कमी असतील तर ती चुकू शकते. उलट, काही कार्ड औषधाने जंतू मेल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दाखवतात. काचपट्टीवर जंतू कोणत्या जातीचे, किती, हे दिसते. मात्र पाहणारा डोळा तयार हवा. डेंगूची एन.एस.-१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. सरकारी कार्यक्रमात खात्री मात्र एलायझा पद्धतीने करतात. टायफॉइडची विडाल चाचणी जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. खरी खात्री ब्लड कल्चरने होते, आणि त्यासाठी रक्त अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी दिलेले बरे.

घाईच्या चाचण्यांनी सरकारलाही धडा दिला आहे. क्षयरोगाच्या रक्तातील अँटिबॉडी चाचण्या चुकीचे निकाल देतात म्हणून २०१२ साली केंद्र सरकारने त्यांवर बंदी घातली. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या रॅपिड अँटिबॉडी किटची अचूकता राजस्थानात अवघी ५.४ टक्के आढळली. त्यानंतर आय.सी.एम.आर.ने दोन चिनी कंपन्यांचे किट परत करण्यास राज्यांना सांगितले.

तरी दुधाने तोंड पोळले म्हणून ताकही टाकून देऊ नये. एच.आय.व्ही.चे निदान सरकारी केंद्रांत रॅपिड चाचण्यांनीच होते. पण पॉझिटिव्ह ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात. भरवसा एका रेघेवर नसतो, पडताळणीवर असतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. हिंदीत तपासणीला 'जाँच' म्हणतात आणि चौकशीलाही 'जाँच'च म्हणतात. रिपोर्ट हातात आला तरी चौकशी संपत नाही, हे त्या एका शब्दात आले.

आता आमची चूक. तापाच्या रजेसाठी रिपोर्ट जोडावा, असा नियम आमच्याच कार्यालयाचा होता. त्यामुळे पालक लवकर आणि स्वस्तात मिळेल तो कागद आणत, आणि आम्ही तो फाइलला लावून मोकळे होत असू. हा नियम आम्ही रद्द केला आहे. यापुढे पालकांची साधी चिठ्ठी पुरेशी आहे. बुडालेली घटक चाचणी पुन्हा घेतली जाईल.

पालकांना विनंती एवढीच, की रिपोर्ट निगेटिव्ह असला आणि ताप उतरत नसेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. चाचणी कोणत्या पद्धतीने केली आणि तापाच्या कितव्या दिवशी केली, हे विचारून लिहून ठेवावे. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मलेरियाची काचपट्टी मोफत तपासतात. अंगात ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये. हजेरी नंतर भरून काढता येते.