रुग्णालयाआधीचा रस्ता

2025 च्या जुलैअखेर पालघर जिल्ह्यात एका महिलेच्या अंगावर झाडाची फांदी कोसळली. डोके, खांदा, बरगड्या, सगळीकडे जबर मार. जिल्ह्यात तेव्हा ट्रॉमा सेंटर नव्हते, म्हणून भूल देऊन तिला रुग्णवाहिकेतून मुंबईला न्यायचे ठरले. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. पण अहमदाबाद महामार्ग तुंबलेला. काही तासांत निम्माच रस्ता सरला आणि भूल उतरली. वेदनांनी कळवळणाऱ्या त्या बाईला अखेर मीरा रोडच्या एका रुग्णालयात नेले, तोवर सारे संपले होते.

हे आमच्या दारात घडले. मीरा रोडजवळच्या काशीमीऱ्याला गुजरातकडची आणि घोडबंदरमार्गे ठाण्याकडची अवजड वाहतूक एकमेकींत घुसते. मध्ये रिक्षा, दुचाक्या, रस्ता ओलांडणारी माणसे. रुग्णवाहिकेचा भोंगा इथे रोज ऐकू येतो. तो एकाच जागी बराच वेळ ऐकू येतो, हे भयंकर आहे.

गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास मोटार वाहन कायद्यानेही ‘गोल्डन अवर’ म्हणून मानला आहे. महाराष्ट्रात 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी ‘108’ सेवा सुरू झाली, गाडीत डॉक्टर आले. ही मोठीच कमाई. पण कोंडीत डॉक्टरही अडकतो. खाटा किती, यंत्रे किती, यावर आपण सभागृहे डोक्यावर घेतो. अपघाताची जागा आणि रुग्णालयाची पायरी यांच्यामधला वेळ मात्र कुणाच्याच खात्यात जमा नाही. रस्त्याचे काम काढताना, वाहतूक वळवताना, रुग्णवाहिका कुठून जाणार हे आधी ठरलेच पाहिजे. ते ठरल्याशिवाय काम सुरू होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि गाडी येईपर्यंत? तोवर जखमीजवळ आपणच असतो. ‘पोलीस केस होईल, लांब राहा’ हा सल्ला आता तरी सोडावा. जखमीवर आधी उपचार, कागदपत्रे नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावले; सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. भीती उरते ती चुकीच्या मदतीची. हातपाय धरून उचलायचे, रिक्षात दुमडून कोंबायचे, वर तोंडात पाणी ओतायचे, हे आपण मायेनेच करतो. पण मणक्याला मार असेल तर असे उचलल्याने माणूस जन्माचा लुळा पडू शकतो, आणि बेशुद्धाच्या घशातले पाणी फुप्फुसात उतरू शकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी; पुन्हापुन्हा उचलून पाहू नये. आग किंवा अंगावर येणारी वाहने असा धोका नसेल, तर जखमीला हलवू नये.

हे अर्ध्या दिवसात शिकता येते. सोसायट्यांनी, मंडळांनी, रिक्षा स्टँडवरच्या बांधवांनी या दिवाळीत एखाद्या डॉक्टरांना बोलावून एवढे तरी शिकून घ्यावे, ही आमची वाचकांना कळकळीची विनंती.