कचेरीतला पार

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत पाठवा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी नेऱ्याला होतो. नेरे हे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीच्या पलीकडचे गाव. पेठेत राहणाऱ्या पुणेकराला पूर्वी हे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. हिंजवडीत आयटी पार्क आले, तिथल्या माणसांना राहायला घरे हवी झाली आणि मारुंजी, जांबे, नेरे अशी एकेक गावे उंच इमारतींनी भरत गेली. माझी भाची अशाच एका इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून एका अंगाला भाताची खाचरे दिसतात आणि दुसऱ्या अंगाला बांधकामाची क्रेन.

चहा पुढे ठेवून ती म्हणाली, “मामा, मला एक पार बांधायला सांगितलंय. बांधलाही. पण त्यावर कोणी बसतच नाही!”

हा पार दगडामातीचा नव्हे. तिच्या कंपनीतली माणसे पुण्यात, चेन्नईत आणि अमेरिकेत विखुरलेली. त्यांचे सारे काम संगणकावरच्या एका सामायिक जागेत चालते. कोणाकडे टीम्स असते, कोणाकडे स्लॅक. निरोप, कागद, बैठका, सगळे तिथेच. त्याच जागेत एक मोकळा कोपरा करायचा, ज्याला अडेल त्याने तिथे विचारायचे, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगायचे आणि मागून येणाऱ्याला ते सारे शोधून वाचता यावे, अशी ही कल्पना. कचेरीच्या भाषेत तिला ‘कम्युनिटी’ म्हणतात. कल्पना बाजारातही चांगली खपते. अशाच कामासाठी 2008 साली निघालेली ‘यॅमर’ नावाची सोय मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये एकशेवीस कोटी डॉलरला विकत घेतली. पारासाठी एवढी किंमत आमच्या ग्रामपंचायतींना सुचली नसती!

भाचीच्या कंपनीला पाराची आठवण झाली ती ठेच लागल्यावर. एका गिऱ्हाइकाचे काम रात्री बंद पडले. चार माणसे दोन रात्री जागली. त्यांतल्या एकीचे मूल घरी तापाने फणफणले होते. तिसऱ्या दिवशी कळले की चेन्नईच्या एका गृहस्थाने हाच गुंता आठ महिन्यांपूर्वी सोडवला होता आणि तो कसा सोडवला, हे एका मित्राला खासगी निरोपात कळवलेही होते. उत्तर कंपनीतच होते, फक्त दोन माणसांच्या खिशात. झाले! वरून हुकूम सुटला, चर्चामंडळ काढा. तो भाचीच्या अंगावर आला, अर्थात रोजचे काम सांभाळून.

पहिल्या महिन्यात मंडळात काय आले? वाढदिवसाच्या शुभेच्छा, साहेबांचा बक्षीस घेतानाचा फोटो आणि त्याखाली अंगठ्यांची रांग. मग लातूरकडच्या एका नव्या मुलाने धीर करून खराखुरा प्रश्न विचारला. एका जुन्या जाणत्याने सर्वांदेखत उत्तर दिले, “हे माहितीपत्रकात लिहिले आहे. आधी वाचावे.” उत्तरात खोटे काहीच नव्हते. पण पुढचे तीन आठवडे मंडळात एकही प्रश्न आला नाही. पुणेरी पाटी लावून दुकान चालते, पार चालत नाही.

मी तिला म्हटले, “बोलणाऱ्यांना बक्षीस लावा की!”

ती हसली. “ते आमच्या शेजाऱ्यांनी करून पाहिलंय, मामा.”

शेजारी म्हणजे इन्फोसिस. 1981 साली पुण्यातच जन्मलेली ही कंपनी, हिंजवडीत तिचा मोठा पसारा आहे. या शतकाच्या आरंभी तिने आपल्या माणसांचे ज्ञान एका ठिकाणी साठवायचे ठरवले, आणि जो लिहून देईल त्याला गुण द्यायला सुरुवात केली. गुण साठवले की त्यांच्या बदल्यात काही पदरात पडे. लेखांचा पूर लोटला. पण पुरासारखाच तो गढूळ. लिहिणारे वाढले, तपासणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला आणि जे काल सहज सांगत होते ते आज गुण मोजू लागले. अखेर कंपनीला आपली गुणांची रीत बदलून वाचणाऱ्याच्या मताला अधिक वजन द्यावे लागले. गरुड आणि कुमारस्वामी या दोन अभ्यासकांनी 2005 साली ही हकीकत सविस्तर लिहिली. कंपनीने अभ्यासकांना दार उघडले, याचे मला कौतुक वाटते. आपली चूक तपासायला देणाऱ्या संस्था थोड्याच.

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीची. तिची यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर खरे शिकत कुठे, हे पाहायला ज्युलियन ऑर नावाचा मानवशास्त्राचा अभ्यासक त्यांच्याबरोबर हिंडला. जाडजूड पुस्तकांपेक्षा जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींतून ही मंडळी अधिक शिकत, असे त्याला दिसले. कंपनीने पुढे त्या हकिकती साठवण्याची ‘युरेका’ नावाची सोय केली. युक्ती कोणी पाठवली की तिची पारख दुसरे कारागीरच करीत. पैसा एकही नाही. युक्तीखाली पाठवणाऱ्याचे नाव मात्र राही, आणि तेवढे त्यांना पुरत असे.

कारखान्याने आपल्या माणसांसाठी छापील जागा करणे आपल्याकडेही नवे नव्हे. किर्लोस्करवाडीहून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तीच पुढे साऱ्या महाराष्ट्राचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाली. पण तिथे संपादक एक आणि वाचक अनेक. भाचीच्या पारावर प्रत्येकाला बोलायची मुभा, आणि अडचण तिथेच आहे. जेकब निल्सन यांनी 2006 मध्ये अशा मंडळांविषयी एक ठोकताळा मांडला होता. शंभरांत नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच सतत लिहितो. हे वाचून भाचीला पहिल्यांदा झोप लागली म्हणे. गप्प बसलेले नव्वद जण तिच्यावर रुसलेले नव्हते, वाचत होते.

मग तिने काय केले? त्या जुन्या जाणत्याला चहाला बोलावले. त्याचा स्वभाव वाईट नव्हता, दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न ऐकून तो वैतागला होता. “एकदाच सविस्तर लिहा, तुमच्या नावानं वर लावून ठेवते,” म्हणाली. नंतर तिने स्वतःचे अज्ञान चव्हाट्यावर मांडले. बारा वर्षे नोकरी झालेल्या बाईने सर्वांदेखत साधा प्रश्न विचारला. तिच्या साहेबांनाही तिने एक प्रश्न विचारायला लावला. साहेबांनी विचारला, पण त्यांना आठवडा लागला. खासगीत कोणी विचारले की ती म्हणे, “हेच तिकडे विचार, मी तिथे उत्तर देते.” वाढदिवसांना वेगळी खोली दिली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी तिच्याकडेच होतो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला आपली दिवाळी नसते, त्यामुळे कंपनीतले काहीजण कामावर होते. भाचीचा फोन वाजला. मंडळात कोणीतरी अडले होते.

“तुला येतं ना उत्तर?” मी विचारले.

“येतं. पण थांबा.”

पूजा झाली, मुले खाली फटाके उडवायला गेली. पाऊण तासाने तिने पुन्हा फोन पाहिला आणि माझ्यापुढे धरला. उत्तर लातूरच्या मुलाने दिले होते. त्याखाली त्या जुन्या जाणत्याची ओळ होती, “बरोबर. फक्त तिसरी पायरी आधी कर.”

भाचीने एक अंगठा उमटवला आणि चकल्यांचा डबा उघडला.