गुणांचा हिशेब मागताना



उन्हाळी परीक्षांचे निकाल जाहीर झाले, की यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी येथील अनेक घरांत एकच विषय चर्चिला जातो. एखाद्या पेपरात अनपेक्षित अपयश आले, तर मुलाने अभ्यास केला नाही, किंवा तपासणाऱ्याने अन्याय केला, असा निवाडा तत्काळ होतो. मुलीच्या बाबतीत तर कित्येकदा ‘आता शिक्षण पुरे’ असा निर्णयही लगेच घेतला जातो.

दुकानात मात्र आपण असे वागत नाही. रोजमेळ जुळला नाही, तर मुनीमजींवर आळ घेण्यापूर्वी खतावणी उघडतो. गुणपत्रिकेलाही हाच न्याय लावावयास हवा. समजा, एका पेपराला ४०० विद्यार्थी बसले आणि मुलीला ३२ गुण पडले. त्या पेपरात २० जण अनुत्तीर्ण असतील, तर तिने आपली तयारी तपासावी. ३०० अनुत्तीर्ण असतील, तर प्रश्न केवळ तिचा राहत नाही; अध्यापन, प्रश्नपत्रिका किंवा तपासणी यांकडेही पाहावे लागते.

हे आकडे मागण्याची वाट माहिती अधिकार अधिनियम, २००५ ने खुली केली आहे. आपल्या जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि हे विद्यापीठ या कायद्याखालील सार्वजनिक प्राधिकरण आहे. १९८४ साली पुण्याच्या राज्य परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका न दाखविण्याचा नियम उचलून धरला होता. नवा कायदा आल्यानंतर, ९ ऑगस्ट २०११ रोजी, केंद्रीय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’च असून परीक्षार्थीस ती पाहता येते, असा निर्णय दिला. परीक्षकाचे नाव मात्र उघड करू नये, असेही सांगितले.

अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. राज्याच्या नियमांनुसार विषय एकच असावा आणि मजकूर साधारणतः १५० शब्दांत बसवावा. अभ्यासक्रम, सत्र, वर्ष व विषयाचा संकेतांक लिहून किती विद्यार्थी बसले, किती उत्तीर्ण झाले, कोणत्या श्रेणीत किती आले, एवढेच विचारावे. मागील तीन वर्षांचे आकडे मागितल्यास तुलना करता येते. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास किंवा असमाधानकारक आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील, आणि तेथील निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. कार्यालयाकडे जे अभिलेख आहेत तेच मिळतात. आपल्यासाठी नवा तक्ता तयार करण्यास अधिकारी बांधील नाही. ‘पेपर इतका कठीण का काढला?’ या प्रश्नाचे उत्तर या अर्जातून मिळत नाही. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण ही त्याची वैयक्तिक बाब आहे. ती मागू नये. एखाद्या विषयाला तीन-चारच विद्यार्थी असतील, तर आकड्यांवरूनही व्यक्ती ओळखता येते. तेथे अनेक वर्षांचे एकत्रित आकडे मागणे उचित. शिवाय या अर्जामुळे पुनर्मूल्यांकनाची मुदत वाढत नाही. तो अर्ज विद्यापीठाने दिलेल्या तारखेच्या आत स्वतंत्रपणे करावाच लागतो.

प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थानके आठवतो. त्यांतील तेरावे अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणे. शिक्षकावर पक्षपाताचा आणि लेकीवर आळसाचा आरोप शहानिशा न करता करणे, ही त्याच दिशेची पावले आहेत. आकडे हाती आल्यावर कदाचित तक्रार करावी लागेल, कदाचित मुलीला शिकवणी लावावी लागेल. पण तिचे नाव महाविद्यालयातून काढण्याचा विचार घरात चालू असेल, तर तो निदान हा हिशेब समोर येईपर्यंत थांबवावा.