महाग व्हायोलिन म्हणजे चांगलं व्हायोलिन?

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सोदबीज लिलावात १७१४ सालचं ‘योआखिम-मा स्ट्रॅडिव्हेरियस’ व्हायोलिन १ कोटी १२ लाख ५० हजार डॉलरना विकलं गेलं. ही किंमत आवाजाची असते का?

संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ यांनी हेच तपासलं. २०१२ साली पॅरिसजवळ १० नामवंत वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून १२ व्हायोलिन वाजवायला दिली. सहा जुनी इटालियन, सहा नवी. १० पैकी सहा जणांनी नवं व्हायोलिन पसंत केलं. जुनं कोणतं, नवं कोणतं, हेही वादकांना खात्रीने ओळखता आलं नाही.

म्हणजे लिलावात मोल होतं ते कारागिराच्या नावाचं, दुर्मिळतेचं आणि इतिहासाचं.

मोठेपणी शिकू लागलेले अनेक जण दोन-तीन वर्षांनी ‘आता चांगलं व्हायोलिन घेऊ’ म्हणतात. त्यांच्यासाठी यात काय आहे?

• आधी जुन्या वाद्याच्या तारा बदला, घोडी जाणकाराकडून नीट बसवून घ्या. कधी कधी दोष तेवढाच असतो.

• दुकानात किंमत न विचारता तीन-चार व्हायोलिन वाजवा. एकच गत, एकच बो.

• हिंदुस्थानी संगीत शिकत असाल तर तारा आपल्या सा-पमध्ये लावूनच ऐका. पाश्चात्त्य पट्टीत खुलणारं वाद्य खालच्या पट्टीत तसंच वाजेल असं नाही.

• गुरूंना वाजवायला सांगा आणि लांब उभं राहून ऐका. कानाशी आणि समोर येणारा आवाज वेगळा असतो.

• बोसाठी पैसे राखून ठेवा.

किमतीची चिठ्ठी शेवटी पाहा.