दिसत नाही ती जखम

केळापूर तालुक्यात कापूस वेचणीचे दिवस आले की बाईच्या दुखण्याला घरात सवड उरत नाही. यवतमाळ किंवा नागपूरहून गर्भाशयाच्या तोंडावरची छोटी शस्त्रक्रिया करून आलेली सून तिसऱ्याच दिवशी पाण्याची गुंडी उचलू लागते. पोटावर टाके नाहीत, मग विश्रांती कशाची, असे घरच्यांना वाटते. पण जखम आत असते आणि ती भरायला साधारण चार आठवडे लागतात.

या उपचाराला अनेक घरांत ‘पिशवी काढली’ म्हणतात. तसे नसते. तपासणीत बिघडलेल्या पेशी आढळल्या की तेवढाच भाग विजेच्या तारेने काढतात किंवा गोठवून नष्ट करतात. पिशवी जागेवर राहते, पाळी येते, मूलही होऊ शकते. मात्र पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांना हे आधीच सांगावे, कारण दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण होण्याची शक्यता काहीशी वाढते.

हा उपचार कर्करोग होण्याआधीच त्याची वाट अडवतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही तपासणी व गरजेनुसार उपचार मिळालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्या स्त्रियाही आपल्यासारख्याच खेड्यांतल्या.

घरी आल्यावर काही दिवस तपकिरी, काळपट किंवा पाण्यासारखा स्राव जातो, थोडे रक्तही दिसते. आणि इथेच आपल्या भगिनींची खरी अडचण सुरू होते. रक्त दिसले की मुसल्ला गुंडाळून ठेवला जातो, तोही कधी महिनाभर. लाजेने विचारतही नाहीत. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी मात्र न थांबणाऱ्या रक्ताबद्दल थेट प्रेषितांना (स.) विचारले होते. ते शिरेचे रक्त आहे, पाळीचे नव्हे, नेहमीच्या पाळीचे दिवस सोडून नमाज पढावी, असे त्यांना सांगण्यात आले. शस्त्रक्रियेच्या जखमेचे रक्तही हैज नव्हे. पॅड बदलून, स्वच्छ होऊन, प्रत्येक नमाजच्या वेळी नवा वुजू करावा. उभे राहवत नसेल तर बसून पढावी. या रक्ताने रोजा तुटत नाही, पण अशक्तपणा असेल तर आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. पाळी आणि जखमेचे दिवस एकमेकांत मिसळले तर जाणत्या आलिमांना किंवा आलिमांना विचारून घ्यावे.

आता पतीराजांसाठी. नमाज पढता येते म्हणून सर्वच मोकळे झाले असे समजू नये. चार आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, संबंध टाळायचे असतात. जड ओझे नको, योनीत काही घालणे नको, आतून धुणेही नको. अंगावरून पाणी घेऊन आंघोळ चालते, त्यामुळे गुस्लला अडचण नाही. हे सारे सुनेने सासूला सांगण्यापेक्षा मुलाने आईला सांगितले तर बरे. पाण्याची गुंडीही त्यानेच उचलावी.

तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वाढती पोटदुखी असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. काढलेल्या तुकड्याचा अहवाल आणायला विसरू नये. बरे वाटते म्हणून तो आणायचा राहून जातो आणि पुढची तपासणी कधी करायची हे त्यावरूनच ठरते. ती बहुधा सहा महिने ते वर्षभरात असते. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.