वाढत्या अंगाचं माप

ट्रायल रूमचं दार तिसऱ्यांदा उघडतं. ‘७-८’ काखेत काचतोय. ‘८-९’ खांद्यावरून घसरतोय. मधला साइझ? ‘नाही मॅडम, यात मधलं येत नाही.’ लेकीचा चेहरा एवढासा झालेला, बाबांचा डोळा घड्याळावर, आणि सेल्सगर्लचं ठरलेलं वाक्य तयार : ‘मोठाच घ्या ना, वाढतं अंग आहे!’

ओळखीचं वाटतंय? वाटणारच. घरात चार ते चौदा वयाचं कुणीही असो, स्वतःचं पिल्लू, भाची नाहीतर पुतण्या, हा सीन दर सणाला आणि दर जूनमध्ये ठरलेला. मोठा घ्यावा तर वर्षभर पोरगं ढगळ्या पोत्यात फिरतं. अंगासरशी घ्यावा तर चार महिन्यांत घोटे उघडे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आरशासमोर उभ्या असलेल्या त्या आठ वर्षांच्या पोरीला वाटतं, लेबलवर ‘८’ लिहिलंय आणि मला होत नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.

चुकतंय ते लेबलचं!

वय म्हणजे माप नव्हे

साधी गोष्ट आहे. मूल साधारण चार वर्षांचं झालं की वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर या हिशोबाने वाढतं. मग वयात येताना अचानक गिअर बदलतो आणि एकाच वर्षात आठ-दहा सेंटिमीटरची उडी बसते. मुलींची ही उडी आधी, मुलांची सरासरी दोनेक वर्षं उशिरा. त्यातही सगळं अंग एकदम वाढत नाही. आधी पावलं आणि तंगड्या लांब होतात, धड मागाहून येतं. म्हणूनच शर्ट अगदी फिट बसतो आणि पँट मात्र आखूड होते. एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असू शकतो आणि दोघंही ठणठणीत असतात. मग ‘८-९ वर्षे’ हा साइझ नेमका कुणाचा?

युरोपात मुलांच्या कपड्यांवर वयाऐवजी उंची लिहायची पद्धत आहे. ११०, ११६, १२२ अशी सहा-सहा सेंटिमीटरची पायरी. ११६ म्हणजे ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा कपडा, मग ते पाच वर्षांचं असो की सात. आपल्याकडे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी म्हणजे ‘निफ्ट’ने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. २०१८ मध्ये तो जाहीर झाला. मुंबईसह सहा शहरांतल्या २५ हजार भारतीयांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची, अशी ती योजना. फारच झकास! फक्त त्यातला वयोगट आहे १५ ते ६५. म्हणजे ज्यांचं माप दर सहा महिन्यांनी बदलतं, ते या मोजणीच्या बाहेरच.

कर्जत लोकल पकडा

आता जरा वेगळ्या दिशेला जाऊ. सीएसएमटीपासून शंभर किलोमीटरवर कर्जत, तिथून फाटा फुटून खोपोली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी परवडणाऱ्या फ्लॅटसाठी नेरळ-कर्जत-खोपोलीचा रस्ता धरलाय. बाकीचे पावसाळ्यात धबधब्यांसाठी येतातच. पण या गावांच्या बाजारपेठेत धबधब्याइतकीच कामाची एक गोष्ट आहे : गळ्यात टेप अडकवलेला टेलर.

त्याच्या शब्दकोशात ‘मधला साइझ’ नावाचा प्रॉब्लेमच नाही. छाती पंचवीस? पंचवीस तर पंचवीस. युनिफॉर्मच्या दुकानात २४ नंतर थेट २६ येतो. टेपवर मात्र मधले सगळे आकडे असतात. आणि वाढत्या अंगाचं काय, तर त्यावर आपल्या शिवणकामात एक गोड शब्द आहे : माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवायचं, ती माया. बाजूला इंचभर, पँटच्या तळाला दोन-तीन इंच. बाहेरून कपडा अंगाबरोबर, आतून पुढच्या वर्षाची सोय. पोर वाढलं की जुनी टीप उसवायची, नवी मारायची. झालं!

आजीच्या काळचे परकर आठवा. नेफ्याखाली किंवा घेराजवळ दोन-तीन आडव्या टका घातलेल्या असायच्या. दर वर्षी एक टक सुटायची आणि परकर पोरीबरोबर वाढायचा. गंमत म्हणजे लंडनमध्ये रायन यासीन या तरुणाने ओरिगामीसारख्या घड्यांचे, मुलाबरोबर कित्येक साइझ वाढत जाणारे कपडे तयार केले आणि २०१७ मध्ये जेम्स डायसन पुरस्काराचा ब्रिटनचा मान पटकावला. पठ्ठ्या शिकलेला विमानांचं इंजिनिअरिंग! आपल्या आज्यांनी हे काम सुई-दोऱ्यावर भागवलं होतं.

टेप गायब झाला की...

हे सगळं फक्त हौसेपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर जा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या कित्येक मुलांसाठी गणवेश हाच सगळ्यात धड कपडा असतो. तो नीट बसणं म्हणजे फॅशन नव्हे, ती गरज आहे.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेखाली सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांच्या गणवेशाचं काम वरूनच करायचं ठरवलं. कापडाची एकत्र खरेदी, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे. बायकांना रोजगार, मुलांना सारखा गणवेश. कागदावर आयडिया उत्तम. प्रत्यक्षात शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी गणवेश पोहोचले नाहीत, आणि पोहोचले तिथे कुणाला तोकडे, कुणाला ढगळ, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं.

यात शिवणाऱ्या बायकांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर मूल उभंच नव्हतं. लाखो गणवेश ठरावीक साइझमध्ये बसवायचे म्हटलं की मधल्या मापाचं पोर सगळ्यात आधी बाहेर पडतं. समिती गावातली असली तर निदान टेप घेऊन वर्गात जाता येतं.

हे तुम्हाला का सांगतेय? कारण ऑफिसचा सीएसआर ग्रुप असाच एखाद्या वाडीवर कपडे वाटायला जातो. खोकी उघडतात, फोटो निघतात, आणि मुलं मिळेल ते अंगाला लावून घरी जातात. यंदा जरा हटके करा. आधी शाळेतून मापं मागवा आणि शिलाईचं काम कर्जत-खोपोलीच्या टेलरला नाहीतर तिथल्या बचत गटाला द्या. फोटो तेव्हाही काढता येईल, आणि त्यात शर्ट खांद्यावर बसलेला दिसेल.

घरच्यासाठी टिप्स

* घरात एक टेप ठेवा. खांदा, छाती, कंबर, सीट, उंची, दर तीन-चार महिन्यांनी मोबाइलमध्ये नोंदवा. ऑनलाइन ऑर्डर करताना वय विसरा, साइझ चार्टमधले सेंटिमीटर बघा.
* रेडिमेड घेताना खांदा आणि मुंढा बसतोय का ते आधी पाहा. लांबी आणि कंबर कमी-जास्त करता येते. खांदा उसवणं कटकटीचं आणि खर्चिक.
* कपडा उलटा करून आतली माया बघा. शिवणीला लागून कापड कापलेलं असेल तर तो कपडा वाढणार नाही.
* पँट-स्कर्टला आतून काजं असलेलं, बटणावर आवळता येणारं इलॅस्टिक असेल तर उत्तम. हडकुळ्या आणि गुटगुटीत, दोघांचीही सोय.
* सुती कापड शिवायला देण्याआधी भिजवून वाळवा. नाहीतर ठेवलेली माया पहिल्याच धुण्यात आटून जाईल.
* तळ सोडल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते? त्यावर लेस, पायपिंग किंवा वेगळ्या रंगाची पट्टी लावा.
* कपडा होत नसेल तर मुलांसमोर ‘किती जाडी झालीस’ किंवा ‘काय हा काटकुळा’ म्हणू नका. ‘हा कपडा तुझ्या मापाचा नाही’ एवढंच म्हणा.

आणि हो, टेलरकडे मे महिन्यातच जा. शाळा उघडायच्या आठवड्यात गेलात, तर बाहेर धो धो पाऊस, आत गणवेशांचा ढीग, आणि टेलरकाका तुम्हाला ओळखही दाखवणार नाहीत!