पाना हाती आला म्हणून कोणी मिस्त्री होत नाही

'जिसका काम उसी को साजे' ही म्हण आपल्या घराघरात बोलली जाते. पण दारासमोर स्वतःची मोटार उभी राहिली की भल्याभल्यांना तिचा विसर पडतो. त्या भल्याभल्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. या पानावर आपण नेहमी धंद्याच्या नफ्या-तोट्याविषयी बोलतो. आज एका अशा तोट्याविषयी बोलू, जो आम्ही घरबसल्या, आपल्याच हाताने करून घेतला.

नांदेडहून लातूर रस्त्याने निघाले की विष्णुपुरी लागते. इथे १९८१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. नोकरदारांची वस्ती वाढली आणि दारोदार गाड्या दिसू लागल्या. त्यांत बऱ्याच सेकंडहँड. आमची मारुती ८०० त्यांपैकीच एक. किरकोळ कामासाठी गाडी शहरात न्यायची, दिवस मोडायचा, वर मजुरी द्यायची, त्यापेक्षा घरीच का करू नये, असा हिशेब आम्ही मांडला. पान्यांचा एक संच आणला. स्पार्क प्लग साफ केले, एअर फिल्टर झटकला, गाडी छान चालली. तेवढ्याने आम्ही स्वतःला मिस्त्री समजू लागलो. खरी चूक तिथेच झाली.

एके दिवशी ब्रेकचा पेडल जरा खाली जातो असे वाटले. बॉनेट उघडून पाहिले तर ब्रेकच्या डबीत ऑईल कमी. घरात इंजिन ऑईलचा अर्धा डबा पडून होता. इंजिन ऑईल, गिअर ऑईल, ब्रेक ऑईल, सगळ्यांच्या शेवटी 'ऑईल'च येते. आम्ही डबी भरली, झाकण लावले आणि दोनशे रुपये वाचवल्याच्या आनंदात हात धुतले.

आठवड्याने घरची मंडळी घेऊन लोह्याकडे लग्नाला निघालो. मागे तीन लेकरे. वाटेत गाडी ओढत नाही, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी वाटते, हे जाणवत होते. जळका वासही येत होता. लग्नाची वेळ गाठायची म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. सोनखेडच्या अलीकडे समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत गाडी रस्त्याकडेच्या मुरुमात उतरवली. ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून आम्ही दोन हात अंतरावर थांबलो होतो. मागची लेकरे हसत होती, त्यांना तो खेळ वाटला. आमचे पाय मात्र बराच वेळ जमिनीवर ठरत नव्हते.

गाडी दोर लावून गॅरेजवर आणली. म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांनी डबीत बोट बुडवले, दोन बोटांत चोळले, वास घेतला आणि म्हणाले, "ये तो मोबिल है भाई. ब्रेक में मोबिल कौन डाला?" आम्ही खाली पाहिले. चाचांनी पुढे काही विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

त्यांनी समजावले ते वाचकांनी नीट ध्यानात ठेवावे. ब्रेक ऑईल हे नावापुरते ऑईल. ते खनिज तेल नसून ग्लायकॉल जातीचे रसायन असते. डबीच्या झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते, तेच घालायचे. ब्रेकमधले रबर त्या रसायनासाठी बनवलेले असते. खनिज तेल लागले की ते फुगते. फुगलेल्या रबराने मास्टर सिलिंडरमधला ऑईल परतण्याचा मार्ग बंद होतो, ब्रेक सुटत नाहीत, चाके घासत राहून तापतात. त्या उष्णतेने आतला द्रव उकळतो, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण चाकापर्यंत जोर पोचत नाही. पेडल तळाला जातो तो असा. आमच्या गाडीचे मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचे रबर आणि नळ्या बदलाव्या लागल्या. वाचवले दोनशे, गेले सहा हजार. हा झाला पैशाचा हिशेब. लेकरांचा हिशेब आम्ही मांडत नाही.

हे शहाणपण एकट्या आमचेच नव्हे. शेजारच्या एका प्राध्यापकांनी मे महिन्यात तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण उघडले. आतले पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून बाहेर येते. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाने पावसाळ्यात गाडी जॅकवर चढवली, विटांची चवड लावली आणि खाली शिरला. पाना आणायला म्हणून बाहेर आला तोच काळ्या मातीत जॅक रुतला, विटा फुटल्या आणि गाडी खाली बसली. पाना विसरला म्हणून तो तरुण आज आपल्यात आहे.

मग घरी काहीच करू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. गाडीवाल्याला स्टेपनी बदलता आलीच पाहिजे, तीही कठीण जमिनीवर, पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढून आणि समोरच्या चाकाला दगड लावून. नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत. टायरची हवा, इंजिन ऑईलची पट्टी, कूलंटची पातळी दर आठवड्याला पाहावी. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये, त्यातल्या क्षारांनी नळ्या चोंदतात. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे आणि जवळ विडी-सिगारेट पेटवू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. एवढे काम घरचे. ब्रेक, स्टिअरिंग आणि गाडीखाली शिरून करायचे प्रत्येक काम मिस्त्रीचे. या रेषेच्या पलीकडे आपण जाऊ नये.

नव्या गाड्यांत तर ही रेषा आणखी अलीकडे सरकली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. इंजिनाचा कारभार आता संगणकाच्या हाती आहे. एअरबॅगही आल्या. स्टिअरिंगच्या आतल्या एअरबॅगच्या वायरी घरी छेडल्या तर ती तोंडासमोर फुटू शकते. फियाट आणि अॅम्बॅसेडरच्या काळात घरमालक पेटी घेऊन बसायचा, ते दिवस त्या गाड्यांबरोबर गेले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोक घरी पाना का उचलतात? केवळ कंजुषीने नव्हे. कित्येकदा मिस्त्रीवर भरवसा नसतो म्हणून. कोणता पार्ट बदलला, जुना कुठे गेला, मजुरी किती, याचा कागद मिळत नाही. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांना आमची विनंती आहे की मजुरीचा फलक लावा, पक्के बिल द्या आणि काढलेला जुना पार्ट न मागता गिऱ्हाइकाच्या हाती ठेवा. आमच्या चाचांनी ते फुगलेले रबर एका कागदात बांधून आम्हाला दिले. त्या दिवसापासून आम्ही दुसरे गॅरेज पाहिले नाही. इमानाने धंद्यात बरकत येते ती अशी.

निघालेले जुने ऑईल नालीत सोडू नका, हेही जाता जाता सांगतो. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. विष्णुपुरीच्या जलाशयाचे पाणी नांदेड शहर पिते. घरी ऑईल बदलून नालीत ओतणारे आम्ही आणि गॅरेजवाले, दोघेही आपल्याच लेकरांच्या पेल्यात ते ओततो.

शेवटची गोष्ट तरुणांची. गॅरेजचे काम आपल्या समाजातल्या कित्येक घरांची चूल पेटवते. पण उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून शिकण्याची जुनी रीत आता पुरी पडत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजवर राबवणे हा गुन्हाही आहे. मुलाला दहावी होऊ द्या. मग आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करू द्या आणि त्यानंतर उस्तादाकडे पाठवा. जे वर्षानुवर्षे काम करत आहेत त्यांच्यासाठी २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आधी कमावलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. बँकेच्या दारात तो कागद उपयोगी पडू शकतो. आणि विष्णुपुरीत तर अभियांत्रिकी महाविद्यालय दारातच आहे. तिथल्या प्राध्यापकांनी रविवारचे दोन तास गॅरेजच्या पोरांना नव्या गाड्यांची वायरिंग शिकवली, तर पोरांचे भले होईल. आणि बोटाने चोळून ऑईल ओळखणे विद्यार्थीही पोरांकडून शिकतील.

चाचांनी दिलेले ते रबर आम्ही घरात पान्यांच्या पेटीत ठेवले आहे. पेटी उघडली की आधी ते दिसते. आम्ही प्लग साफ करण्याचा पाना तेवढा काढतो आणि पेटी बंद करतो.